अथेन्समधली ‘ॲरिस्टॉटल वॉक’ : पाचपैकी साडेतीन

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना फक्त ‘जावं की न जावं’ एवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. जावं. पैसे फुकट जात नाहीत, गाइड तयारीची असते, पाय मात्र दुखतात. दीड गुण कापलाय तो एकाच कारणासाठी. ज्या माणसाच्या नावावर तिकीट फाडतात, तो माणूस हे लोक अर्धाच दाखवतात. तर्कशास्त्राचा बाप दाखवतात, सिकंदराचा मास्तर दाखवतात. पण खाजणाच्या कडेला बसून मासे चिरणारा, कोळ्यांना प्रश्न विचारून हैराण करणारा ॲरिस्टॉटल गाळून टाकतात. मला तर तोच हवा होता.

मी रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे. ॲरिस्टॉटलशी माझी ओळख तत्त्वज्ञानाच्या वाटेने झालेलीच नाही, ती झाली समुद्रसाळूच्या तोंडातून. सी-अर्चिन या प्राण्याच्या तोंडात पाच दातांचं जे यंत्र असतं त्याला आजही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात आणि ते परीक्षेला हमखास येतं. पोरं आकृती काढायची, नावं द्यायची, पाच गुण घ्यायची. ‘पण हा ॲरिस्टॉटल कोण रे?’ म्हटलं की कुणीतरी मागून म्हणायचं, ‘मॅडम, फिलॉसॉफर.’ फिलॉसॉफर समुद्रसाळूच्या तोंडात काय करत होता, हे विचारायची इच्छा कुणालाच नसायची. म्हणून भाचीने म्युनिकहून फोन करून सांगितलं की ‘मावशी, अथेन्सला चाललोय, तुझ्यासाठी एक खास वॉक बुक केलीय’, तेव्हा मी वही घेऊनच निघाले.

कंपनीचं नाव देत नाही. अशाच मार्गाच्या वॉक बरेच जण चालवतात आणि माझं म्हणणं थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल असं वाटतं. आमची साडेतीन तासांची होती. आठ-दहा जणांचा गट, इंग्रजीतून, कानात लावायला एक छोटं यंत्र. माणशी पंचेचाळीस युरो, लायसियमचं (म्हणजे ॲरिस्टॉटलच्या शाळेच्या जागेचं) तिकीट वरून. ते ॲक्रोपोलिसच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. चालणं सपाट रस्त्यावरून, फार तर दोन-अडीच किलोमीटर. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना जमेल. संगमरवरी फुटपाथ मात्र गुळगुळीत असतात, तेव्हा चपला-सँडल घालून जाऊ नका. टोपी, पाण्याची बाटली सोबत हवीच.

सुरुवात पानेपिस्टिमियू रस्त्यावरच्या अथेन्स अकादमीच्या इमारतीपासून होते. ही प्लेटोची अकादमी नव्हे, ती शहराच्या वायव्येला दूर आहे. ही १९व्या शतकातली, थिओफिल हान्सन या वास्तुशिल्पीने बांधलेली, पांढरीशुभ्र. दोन उंच खांबांवर अथेना आणि अपोलो, आणि खाली दाराच्या दोन बाजूंना खुर्चीत बसलेले दोन पुतळे : प्लेटो आणि सॉक्रेटिस. मी गाइडला विचारलं, ‘मग आमचा माणूस कुठाय?’ ती हसून म्हणाली, ‘तेच तर सांगायचंय. तो इथला नव्हताच.’ वॉकची ही सुरुवात मला मनापासून आवडली. पुतळे दाखवून सनावळी म्हणणारे गाइड पुष्कळ भेटतात. इथे मात्र नसलेल्या पुतळ्यावरून गोष्ट सुरू झाली.

ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ मधला, उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिराचा. वडील निकोमाकस मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. आईवडील लवकर गेले, सतराव्या वर्षी हा मुलगा अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. वीस वर्षं म्हणजे विद्यार्थी, मग सहकारी, मग वाद घालणारा. प्लेटो वारल्यावर अकादमी गेली त्याच्या भाच्याकडे, स्प्युसिपसकडे. ‘सगळीकडे भाचेच,’ असं माझी भाची माझ्या कानात म्हणाली. ॲरिस्टॉटलने शहर सोडलं. ते केवळ रागाने की मॅसिडोनियाविरुद्ध अथेन्समध्ये वातावरण तापलं होतं म्हणून, याची गाइडने दोन्ही कारणं ठेवली आणि पुढे गेली. बरं केलं.

तिने जे फार नीट समजावलं ते हे की, ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये आयुष्यभर ‘मेटिक’ होता, म्हणजे परका रहिवासी. कर भरायचा, पण सभेत मत नाही आणि जमीन-घर विकत घेण्याचा हक्क नाही. म्हणून इ.स.पू. ३३५ मध्ये परत आल्यावर त्याने शाळा काढली ती सार्वजनिक व्यायामशाळेत. आजच्या युरोपात विद्यापीठांचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात त्याला स्वतःच्या नावावर एक ओटासुद्धा घेता येत नव्हता. गाइड स्वतः थेस्सालोनिकीकडची. तिथल्या चौकात ॲरिस्टॉटलचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाचा अंगठा परीक्षेआधी पोरं घासतात, त्यामुळे तो चकचकीत झालाय. हिनेही घासला होता म्हणे. उत्तरेकडचे लोक त्याला आपला मानतात, आणि अथेन्सचे लोक आपले पुतळे सॉक्रेटिसचे उभारतात. हे ती जरा चिमटा काढूनच सांगत होती आणि गटात एकही अथेन्सवाला नव्हता म्हणून ते खपून गेलं.

तिथून संसदेसमोरून वासिलिसिस सोफियास या रुंद रस्त्याने चालत जायचं. संग्रहालयांची रांगच लागते. बायझंटाइन संग्रहालयाला लागूनच लायसियम आहे, जवळचं मेट्रो स्टेशन इव्हांगेलिस्मोस. स्वतःचं स्वतः जायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

आता लायसियमबद्दल स्पष्ट बोलते. ‘बघण्यासारखं’ असं तिथे फारसं नाही. गुडघाभर उंचीच्या भिंती, वर छप्पर, भोवती पायवाट. ही पॅलेस्ट्रा, म्हणजे कुस्तीची तालीम : मध्ये मोकळं अंगण, चहूबाजूंनी ओवऱ्या, त्यामागे खोल्या, आणि रोमन काळात भर पडलेली न्हाणीघरं. १९९६ साली इथे आधुनिक कलेचं संग्रहालय बांधायचं ठरलं होतं. बांधण्याआधी खोदून बघायचं असा तिथला नियम. खोदलं तेव्हा ही तालीम निघाली, संग्रहालयाचा बेत दुसरीकडे गेला आणि २०१४ मध्ये जागा लोकांसाठी खुली झाली. तोवर शेकडो वर्षं लोकांना लायसियम ‘साधारण या भागात’ होतं एवढंच माहीत. वर मोटारी, लष्करी क्लब, संगीतशाळा, आणि खाली ॲरिस्टॉटल.

ज्यांना खांब, कळस, भव्यता हवी त्यांचा इथे हिरमोड होणार. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी पाचव्या मिनिटाला फोन काढला. मला मात्र जागा आवडली. कुंपणालगत रोझमेरी, लॅव्हेंडर, ओव्याच्या वासाची थाइम लावलीय, ऑलिव्ह आणि डाळिंबाची झाडं आहेत. मूळची राई मात्र रोमन सेनापती सुल्लाने इ.स.पू. ८६ मध्ये वेढ्याची यंत्रं करायला तोडली. अकादमीचीही तोडली. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने ती हकीगत लिहून ठेवलीय. इथल्या ओवऱ्यांतून आणि झाडांखालून चालता चालता शिकवायचं अशी ख्याती, आणि त्यावरूनच त्याच्या पंथाला फिरस्ते हे नाव पडलं असं सांगतात. मी तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवलं. चालत शिकवलं असतं तर मागच्या बाकावरचे झोपले नसते.

इथवर पाचपैकी पाच. घसरण झाली ती इथेच, लायसियमच्या बाकावर बसल्यावर. कारण तिथे गाइडने सिकंदर काढला.

सिकंदर काढायला हरकत नाही. इ.स.पू. ३४३ मध्ये राजा फिलिपने तेरा वर्षांच्या मुलाला शिकवायला ॲरिस्टॉटलला बोलावलं, मिएझा नावाच्या गावी झऱ्याकाठी शाळा भरायची, हे सगळं खरंच आहे. नौसा गावाजवळ ती जागा आजही दाखवतात. पण मग युद्धं, घोडा, गॉर्डियमची गाठ, पोरस, बाबिलोन... मी घड्याळ बघत होते. वॉक ॲरिस्टॉटलची आणि अर्धा तास भाषण विद्यार्थ्याचं. त्यातही ॲरिस्टॉटलशी खरा संबंध असलेली एक गोष्ट निसटली : त्याचा नातलग कॅलिस्थेनिस सिकंदराबरोबर इतिहासकार म्हणून गेला होता, त्याने राजापुढे लोटांगण घालायला नकार दिला आणि पुढे कटाच्या आरोपाखाली त्याचा अंत झाला. गुरु-शिष्याच्या नात्याचं काय झालं असेल, ते त्यावरून कळतं.

आणि सिकंदराच्या आधीची दोन-तीन वर्षं? ‘लेस्बॉस बेटावर काही काळ राहिला’, बस, एका वाक्यात संपलं. मी हात वर केला. भाचीने माझ्या कोपराला धरलं, ‘मावशी, गाइडला शिकवू नकोस हं.’ मी फक्त विचारलं, ‘बेटावर तो काय करत होता?’ उत्तर आलं, ‘निसर्गाचा अभ्यास.’

निसर्गाचा अभ्यास! अहो, त्याचं जे लेखन आपल्या हाती आलंय त्याचा जवळजवळ चौथा भाग प्राण्यांवर आहे. पाचशेच्या आसपास प्राण्यांची नोंद आहे त्यात. अथेन्स सोडल्यावर तो आशिया मायनरच्या किनाऱ्यावर अ‍ॅसोसला गेला, तिथल्या हर्मियास या राज्यकर्त्याच्या आश्रयाने राहिला, त्याच्याच नात्यातल्या पिथियासशी लग्न केलं आणि मग समोरच्या लेस्बॉस बेटावर आला. बेटाच्या पोटात समुद्र आत घुसून एक मोठी खाडी झालीय, आज तिला कॅलोनीचं आखात म्हणतात. त्याच्या नोंदींत तिथल्या पिऱ्हा गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. सोबत त्याच बेटावरचा थिओफ्रास्टस. ॲरिस्टॉटलने प्राणी घेतले, थिओफ्रास्टसने वनस्पती. दोघा मित्रांनी बसून जीवसृष्टी वाटून घेतली म्हणा ना. लायसियमच्या बाकावर बसून जी शाळा आपण बघतो, तिची खरी मुहूर्तमेढ त्या खाडीच्या चिखलात रोवली गेली, असं माझं ठाम मत आहे.

एक उदाहरण देते, कारण ते माझ्या हातून गेलेलं आहे. आमच्या वेळी बी.एस्सी.ला स्कोलिओडॉनचं विच्छेदन असायचं. स्कोलिओडॉन म्हणजे आपली मुशी, छोटा शार्क, मालवणकडे मोरी म्हणतात ती. मिरकरवाड्याच्या जेटीवरून मी पोतं भरून आणायचे. मादी निघाली की गर्भाशयात पिल्लं सापडायची, आणि प्रत्येक पिल्लाची नाळ आईच्या गर्भाशयाला चिकटलेली, थेट सस्तन प्राण्यांसारखी. पोरं चकित व्हायची : माशाला नाळ? आता हेच ॲरिस्टॉटलने भूमध्य समुद्रातल्या गुळगुळीत मुशीबद्दल लिहून ठेवलंय. बाकीच्या मुश्यांमध्ये असं नसतं, या एका जातीत असतं, पिल्लू नाळेने गर्भाशयाला जोडलेलं असतं. शेकडो वर्षं बहुतेकांना ते खरं वाटलं नाही. १८४०च्या दशकात बर्लिनच्या योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाने मुशी चिरून बघितली आणि म्हातारा बरोबर होता हे जाहीर केलं. म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त काळ पुस्तक कपाटात होतं आणि मुशी समुद्रात होती, पण पुस्तक घेऊन मुशीपर्यंत जायला फारसं कुणी तयार नव्हतं.

तसाच तो अकेलूस नदीतला मांजरमासा. त्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि नर चाळीस-पन्नास दिवस राखण करत बसतो, जवळ येणाऱ्या माशांवर धावून जातो, असं ॲरिस्टॉटल लिहितो. युरोपातल्या पंडितांनी आपल्या ओळखीचा मांजरमासा बघितला, तो असं काही करत नाही म्हणाले, आणि ॲरिस्टॉटलला थापाड्या ठरवलं. १९व्या शतकात लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाने त्याच नदीतले मासे मागवले, तर ती जातच वेगळी निघाली. आज तिचं शास्त्रीय नाव सिल्युरस ॲरिस्टोटेलिस आहे. चौकातल्या पुतळ्यापेक्षा मला हे स्मारक मोठं वाटतं.

कोंबडीची अंडी रोज एक याप्रमाणे फोडून आतलं पिल्लू कसं वाढतं ते त्याने बघितलं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, तो उडतो, ते काळीज. ऑक्टोपसच्या नराचा एक हात समागमाच्या कामाचा असतो, हे त्याने कोळ्यांचं म्हणणं म्हणून लिहून ठेवलं. स्वतःला मात्र ते पटलं नव्हतं. दोन हजार वर्षांनी क्युव्हियेसारख्या दिग्गज प्राणिशास्त्रज्ञाला मादीच्या अंगात तो तुटका हात सापडला, तर त्याने तो परजीवी किडा समजून त्याला नाव देऊन टाकलं. कोळी बरोबर होते. डार्विनने मरणाच्या दोन महिने आधी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथाचं भाषांतर हातात पडल्यावर भाषांतरकाराला लिहिलं की लिनिअस आणि क्युव्हिये हे माझे दोन देव, पण म्हाताऱ्या ॲरिस्टॉटलपुढे ते शाळकरी पोरं आहेत. ‘लास्टिंग इन्फ्लुअन्स’ असा जो भारदस्त शब्द त्या कंपनीच्या जाहिरातीत होता, तो यापेक्षा वेगळा काय असतो?

चुकाही सांगायला हव्यात. बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं तो लिहून गेला. बुद्धी काळजात असते आणि मेंदू हे रक्त थंड ठेवायचं साधन आहे, असंही. स्त्री म्हणजे काहीतरी उणं राहिलेला पुरुष, हे तर त्याच्या प्रजननशास्त्राचं सूत्रच. ते वाचताना माझा पारा अजून चढतो. पण त्याच्या चुकांमध्ये मी दोन ढीग करते. एक न बघता केलेल्या, जसे हे दात. दुसरा ढीग बघूनही सुटलेल्या चुकांचा. आपल्या वामीच्या जातकुळीतला नदीतला ईल त्याने चिरला, त्यात ना अंडी सापडली ना वीर्य, म्हणून तो म्हणाला हे प्राणी चिखलातून आपोआप होतात. हसू नका. १८७६ मध्ये त्रिएस्तेला विद्यार्थी असलेल्या सिग्मंड फ्रॉइडने चारशेच्या आसपास ईल चिरले, त्यांचे वृषण शोधायला, आणि तोही ठामपणे काही सांगू शकला नाही. पुढे मनाकडे वळला. ईल अंडी घालायला अटलांटिकमधल्या सार्गासो समुद्रात जातात हे कळायला विसावं शतक उजाडलं.

आणि मधमाश्यांचं प्रकरण तर मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे. त्या कशा जन्मतात याबद्दल त्याने लांबलचक तर्क लढवला, आणि शेवटी लिहिलं की सगळी हकीगत अजून पुरेशी कळलेली नाही; पुढे कधी कळली, तर तर्कापेक्षा डोळ्यांनी बघितलेल्यावर विश्वास ठेवावा. नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत ज्यांनी ‘ॲरिस्टॉटल म्हणतो’ एवढ्यावर वाद मिटवले, त्यांनी हे एक वाक्य वाचलं असतं तर गॅलिलिओचा मनस्ताप थोडा कमी झाला असता.

गाइडला न्याय द्यायला हवा. गटातल्या एका तरुण मुलीने गुलामगिरीबद्दल विचारलं, तेव्हा तिने विषय टाळला नाही. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात हे ॲरिस्टॉटलचं मत तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिदला झालेल्या वादात सेपुल्वेदा या विद्वानाने तेच मत अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविरुद्ध कसं वापरलं आणि लास कासास हा धर्मगुरू त्याच्याविरुद्ध कसा उभा राहिला, तेही सांगितलं. पुढे ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्रही काढलं, तो भाग फार सुंदर झाला. सेवेत असलेल्या मुलांना विकू नये, वयात आल्यावर लायकीप्रमाणे मुक्त करावं. हर्पिलिस, जी पिथियासनंतर त्याच्यासोबत राहिली, तिला कुठल्या घरात राहायचं ते तिनेच ठरवावं आणि तिला सामानसुमान द्यावं. आणि पिथियासची हाडं, तिची इच्छा होती तशी, माझ्या शेजारी ठेवावीत. ग्रंथांत गुलामगिरीचं समर्थन करणारा माणूस घरच्या कागदावर असं लिहितो. गाइडने दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि त्यांची मोट बांधायचा प्रयत्न केला नाही. यासाठी मी अर्धा गुण परत दिलाय, नाहीतर तीनच होते.

शेवटचं पर्व थोडक्यात : इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर मेल्याची बातमी आली, अथेन्समध्ये मॅसिडोनियावाल्यांविरुद्ध लाट उसळली, आणि ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा खटला भरला गेला. निमित्त काय, तर वीसेक वर्षांपूर्वी इराण्यांनी मारलेल्या त्या हर्मियाससाठी त्याने रचलेलं एक स्तोत्र. सॉक्रेटिससारखं विष प्यायला तो थांबला नाही. अथेन्सकरांना तत्त्वज्ञानाविरुद्ध दुसऱ्यांदा पाप करू देणार नाही, असं म्हणून तो आईच्या माहेरच्या घरी, युबिया बेटावरच्या काल्किसला गेला. पुढच्याच वर्षी वारला. वय बासष्ट.

त्याच्या पुस्तकांचं काय झालं, ही गोष्ट ऐकताना तो फोनवाला गृहस्थसुद्धा मान वर करून बसला. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने सांगितलेली आहे. ॲरिस्टॉटलकडून आलेला ग्रंथसंग्रह थिओफ्रास्टसने नेलियसला दिला, त्याने तो आपल्या गावी स्केप्सिसला नेला. वारसांना वाचनाचं काही नाही. पण पर्गॅममच्या राजांची माणसं ग्रंथालयासाठी पुस्तकं उचलून नेतील या भीतीने त्यांनी तो तळघरात पुरला. कसर आणि ओल. पुढे एका हौशी श्रीमंताने विकत घेतला, भोकं पडलेल्या जागा मनाने भरल्या. मग त्याच सुल्लाने, झाडं तोडणाऱ्या, अथेन्स जिंकल्यावर संग्रह रोमला नेला आणि तिथे रोड्सच्या अँड्रॉनिकसने तो लावून घेतला. ही हकीगत शब्दशः कितपत घ्यायची यावर विद्वान भांडतात. पण आज आपण वाचतो ती बहुतेक शाळेतली टिपणं आहेत, लोकांसाठी लिहिलेले संवाद हरवले, हे नक्की. रोमन वक्ता सिसेरोने त्याच्या शैलीला सोन्याचा प्रवाह म्हटलंय. आपल्याला मिळालेलं गद्य वाचून त्यावर विश्वास बसत नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखं आहे ते. मला तसंच आवडतं.

पुढचा प्रवास वॉकमध्ये घाईत उरकला. बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मुलाने केलेली अरबी भाषांतरं, इब्न सीनाने ‘मेटाफिजिक्स’ चाळीस वेळा वाचूनही न कळणं आणि मग बाजारात स्वस्तात मिळालेल्या अल-फाराबीच्या टीकेने ते उलगडणं, कॉर्डोबाचा टीकाकार इब्न रुश्द, टोलेडोत मायकेल स्कॉटने प्राण्यांवरचे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणणं, पॅरिस विद्यापीठात ॲरिस्टॉटलवर आलेली बंदी आणि मग त्याच पॅरिसमध्ये त्याच्यावर उभा राहिलेला धर्मपंडित थॉमस अक्वायनस. दहा मिनिटांत एवढं सगळं. सिकंदराचा अर्धा तास इकडे लावायला हवा होता. मराठीतही त्याची पावलं आहेत : विंदा करंदीकरांनी त्याच्या काव्यशास्त्राचा अनुवाद केला आणि आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाई शोकात्मिका शिकवताना त्यावरच उभ्या असायच्या. स्टाफरूममध्ये त्यांचा ॲरिस्टॉटल वेगळा आणि माझा वेगळा.

वॉक लायसियमच्या फाटकाशी संपली. भाचीला कॉफी हवी होती, मी तिला ओढत मेट्रोने ओमोनियाकडे नेलं, अथिनास रस्त्यावरच्या वारवाकिओस बाजारात. अथेन्सची मोठी मासळी-मटणाची मंडई. आणि तिथे बर्फावर, साल काढून ठेवलेली, गुलाबी : मुशी. गालेओस म्हणतात. ॲरिस्टॉटलची तीच गुळगुळीत मुशी, तिथले लोक लसणीच्या वाटणाबरोबर तळून खातात. शेजारी ऑक्टोपस, माकूल, एका टोपलीत ईल. समुद्रसाळू नव्हते, मोसम नसेल. मी विक्रेत्याला खुणेनेच ऑक्टोपसचे हात उलगडून दाखवायला लावले आणि टोकाला चोषक (चिकटायच्या वाट्या) कुठल्या हाताला नाहीत ते शोधलं. मिळाला, तिसरा उजवा. नर होता. भाची लांब उभी राहून मला ओळखत नसल्यासारखं करत होती. विक्रेता मात्र खूश होऊन अजून दोन ऑक्टोपस घेऊन आला.

तर माझी शिफारस अशी. इतिहासाची आवड असेल तर वॉक घ्या. नुसतं लायसियम बघायचं असेल तर स्वतःचे स्वतः जा, तासभर पुरतो, सकाळी ऊन चढायच्या आत. बारा वर्षांखालच्या मुलांना लायसियमला नेऊ नका, कंटाळतील. त्यांना थेट मंडईत न्या. मंडई रविवारी बंद असते आणि दुपारनंतर माल संपत येतो. जमीन ओली, घसरडी असते. पांढरे बूट नकोत.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात हेराक्लिटस या जुन्या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितलीय : पाहुणे भेटायला आले, तो स्वयंपाकघरात चुलीशी शेकत बसलेला, पाहुणे दारात अडखळले, तर तो म्हणाला, या आत, इथेही देव आहेत. कुठलाही प्राणी बघताना नाक मुरडू नका, हे सांगायला त्याने ती वापरली. तीच गोष्ट लिहून मी कंपनीला ईमेल केली, वॉकचा शेवट मंडईत करा म्हणून सुचवलं. दोन दिवसांत नम्र उत्तर आलं : कल्पना आवडली, पण वासाबद्दल ग्राहकांच्या तक्रारी येतील.